मा. एमआरआय रिपोर्ट साहेबांस खुले पत्र

प्रति,
मा. एमआरआय रिपोर्ट (विभाग : कंबर),
मुक्काम पांढरे पाकीट, कपाटाच्या वर.

विषय : आपल्या अंतिम निकालाबद्दल जाहीर आभार.

महोदय,

स. न. वि. वि.

आपण ज्या घरात पाऊल ठेवता, तिथे दुसऱ्या कुणी काही बोलायची सोयच उरत नाही. आपण येण्यापूर्वी ‘कंबर धरलीय’ एवढ्यावर भागायचं. शेकायला गरम पाण्याची पिशवी, चोळायला बाम, आजीचं ‘वाकू नकोस रे’, आणि थोड्या दिवसांत माणूस पुन्हा भाजीच्या पिशव्या उचलायला मोकळा. आपण आलात आणि त्याच कमरेत ‘एल-४, एल-५ डिफ्यूज बल्ज’ निघाला, शिवाय ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ आणि ‘थिकल सॅकवर इंडेंटेशन’. वाचणाऱ्याची कंबर राहिली बाजूला, छातीच धडधडू लागली.

मग पाकिटातली ती भलीमोठी काळी फिल्म बाहेर निघते आणि ट्यूबलाइटसमोर धरली जाते. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले काका चष्मा कपाळावर सरकवून बोट ठेवतात, “हे बघ, इथं गॅप आलाय!” फिल्म उलटी धरलेली असते, पण काकांना कोण सांगणार? तेवढ्यात काकूंच्या मावसबहिणीलाही गॅपच होता आणि ती तेव्हापासून जमिनीवर बसलेली नाही, ही माहिती चहाबरोबर येते. काकांना दिसलेली ती जागा म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, आणि ती तिथे असायलाच हवी. वय वाढतं तशी ती सुकते, चपटी होते. म्हणजे जागा वाढत नाही, घटते. पण आपण काकांना एका शब्दानेही अडवलं नाहीत. मोठी माणसं वादात पडत नाहीत.

ज्याच्याविरुद्ध आपण एवढा निकाल दिलात, त्या आरोपीची थोडी माहिती देतो. मानेत ७ मणके, छातीमागे १२, कमरेत ५. त्याखाली ५ मणके जुळून झालेलं त्रिकास्थी आणि बहुधा ४ जुळून झालेलं माकडहाड. मध्ये २३ गाद्या. प्रत्येक गादीला बाहेरून चिवट तंतूंचे वेढे आणि आत पाणीदार गर. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतोच. शेजारच्या हाडातून झिरपेल त्यावर तिचं भागतं. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं पाणी थोडं बाहेर पडतं, रात्री आडवं झाल्यावर परत शिरतं. म्हणून आपण सगळेच सकाळी रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. हे आपल्या कागदावर येत नाही, कारण आपण माणसाला एकदाच आणि तोही निपचित पडलेला असताना पाहता.

आता जरा अडचणीचा विषय. १९९४ साली अमेरिकेत ९८ जणांच्या कमरेचे एमआरआय काढले. त्यांपैकी कुणाचीही कंबर दुखत नव्हती. तरीही ५२ टक्के लोकांत निदान एका गादीला फुगवटा सापडला. २०१५ साली अशाच न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे निष्कर्ष एकत्र मांडले गेले. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत दिसली. ही सगळी मंडळी जिने चढत होती, नातवंडं उचलत होती. आपली गाठ पडली नव्हती, तोवर ती ठणठणीत होती.

गैरसमज नसावा. आपण निरुपयोगी आहात असं कोण म्हणेल? गादीचा गर बाहेर येऊन नसेवर दाबला की पायात कळ उतरते, हे १९३४ साली मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. तेव्हा आपला जन्मही झाला नव्हता. त्यांच्या हाती होती ती रुग्णाची तक्रार, त्याची तपासणी आणि शस्त्रक्रियेत निघालेला तुकडा. आज कळलंय की बहुतेकांची ही कळ शस्त्रक्रियेविनाच काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरते. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच शोषून घेऊ शकतं, आणि सुटून आलेला मोठा तुकडा विरण्याची शक्यता नुसत्या फुगवट्याहून जास्त. आपल्या कागदावर मात्र जो जितका मोठा, तितका तो घराला घाबरवतो.

आपल्या दरबारातले मानकरीही थोर. शर्टावरून बांधायचा पट्टा आणि पलंगाच्या टोकाला लटकवायची वजनं. जुनाट कंबरदुखीत ही दोन्ही सरसकट वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं आणि व्यायामाची शिफारस केली. मानकरी अजून पदावर आहेत. व्यायामाला कुणी मान देत नाही, कारण तो दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र आपलं मनापासून कौतुक. आपल्या तळाशी बारीक अक्षरांत बहुधा एक ओळ असते : रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे. म्हणजे पाय सरळ उचलून कळ कुठवर जाते ते पाहावं, टाचांवर चालवावं, पायाच्या अंगठ्याची ताकद जोखावी, गुडघ्यावर हातोडी मारावी. पाच-दहा मिनिटांचं काम. आपल्यावर एवढा खर्च झाला, पण त्या मिनिटांसाठी ना रुग्ण थांबला, ना रांग थांबली. आपण स्वतःहून दिलेली ही कबुली घरात कुणीच वाचत नाही. तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी ती ओळ सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत छापावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कमरेत पाचच मणके असलेला एक नागरिक

ता. क. : हे वाचकांसाठी, आणि यात थट्टा नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि खाली घोड्याच्या शेपटासारखा नसांचा जुडगा उतरतो. तो चेपला गेला तर लघवी अडते किंवा नकळत होते, बैठकीची जागा बधिर होते. असं झालं, किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, तरीही अंगावर काढू नका. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून आहे. अशा वेळी एमआरआयसारखा दुसरा मित्र नाही. एरवी आधी डॉक्टरांना कमरेला हात लावायला सांगा.