भाकड गोदान

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सेवा थांबवली. विंडोज ११ घ्यायचं तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सोय हवी. ती नसेल, तर काल संध्याकाळपर्यंत पगारपत्रकं काढणारा धडधाकट संगणकही आज बाद. अशी बाद यंत्रं २४ कोटींच्या घरात जातील, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या अखेरीस दिला होता. तेव्हा सध्या जगभरच्या कचेऱ्यांच्या मागच्या खोल्यांत खोक्यांच्या थप्प्या लागल्या आहेत, आणि प्रत्येक थप्पीसमोर कुणीतरी कनवाळू गृहस्थ उभे राहून म्हणत आहेत, ‘हे आपण आफ्रिकेतल्या मुलांना देऊन टाकू या का?’

आफ्रिकेतली मुलं तिथं आधीही होती. खोकी नवी असताना मात्र त्यांची आठवण कुणाला झाली नाही. घसाऱ्याच्या खात्यात यंत्राची किंमत शून्यावर आली, की करुणेच्या खात्यात तीच अचानक वधारते. हिशेबतपासनीसांनी या चमत्काराकडे एकदा लक्ष द्यावं.

आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. कठोपनिषदातल्या वाजश्रवसाने सर्वस्व दान करायचा यज्ञ मांडला आणि दक्षिणेसाठी गाई काढल्या त्या कशा, तर चरून झालेल्या, पाणी पिऊन झालेल्या, दूध आटलेल्या. शेजारी उभ्या असलेल्या पोराला, नचिकेताला, ते दिसलं. ‘मग मला कुणाला देणार?’ म्हणून तो बापाच्या मागेच लागला. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाप उखडला आणि म्हणाला, यमाला देतो. हल्लीच्या सीएसआर विभागात असं पोरगं नसतं. असलंच तर त्याच्या हातात बॅनरचं एक टोक देऊन फोटोत उभं केलेलं असतं.

धर्माची गाय आणि दात का नाय, असं विचारू नये म्हणतात. ठीक, दात राहू द्या. पण ही गाय नायजेरियातल्या लेगॉसच्या बंदरात उतरताच मेली, तर तिला ओढून न्यायचा खर्च कुणी करायचा, एवढं तरी विचारू द्याल की नाही?

दात नाही मोजायचे म्हटलं तरी काही आपोआप दिसतातच. अमेरिकेतून आलेल्या जुन्या डेस्कटॉपच्या पाठीमागे, वीजपुरवठ्याच्या डब्यावर अनेकदा एक छोटा लाल खटका असतो. तो ११५ व्होल्टवर ठेवलेला असतो. घानात २३० व्होल्टचा पुरवठा. खटका न पाहता प्लग लावला, की फट्कन आवाज, जळका वास, आणि संगणक-प्रशिक्षणाचा पहिला तास संपला. जर्मनीहून आलेल्या कीबोर्डवर झेड आणि वाय यांनी जागा बदललेल्या असतात. तेवढ्यावरून कुणी दान परत पाठवणार नाही, पण तिथं टंकलेखन शिकलेल्या मुलाला पुढे परीक्षाकेंद्रावर दुसराच कीबोर्ड मिळतो, तेव्हा ‘येस’ लिहायलासुद्धा तो अडखळतो.

मग हार्ड डिस्क. सावध दाते ती काढून घेतात आणि नुसता डबा दान करतात. रॅमही काढतात, कारण रॅमला बाजारात भाव आहे. बेसावध दाते सगळं आत तसंच ठेवतात. २००९ साली अमेरिकेच्या ‘फ्रंटलाइन’ या वृत्तमालिकेसाठी पत्रकारितेचे काही विद्यार्थी घानात गेले. तिथल्या बाजारात त्यांनी जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातली एक निघाली नॉर्थ्रॉप ग्रमन या संरक्षणसामग्री बनवणाऱ्या कंपनीची, आणि तिच्यात सरकारी कंत्राटांची कागदपत्रं होती. दान द्यावं तर असं, कपाटाच्या किल्लीसकट!

आता आकडे. २००५ साली बासेल अ‍ॅक्शन नेटवर्क या संस्थेने लेगॉसमध्ये जाऊन पाहणी केली. महिन्याला सुमारे ५०० कंटेनर येत होते आणि स्थानिक व्यापाऱ्यांच्या मते त्यातला पाऊण माल दुरुस्त करण्याच्याही लायकीचा नव्हता. हा आकडा पुढे इतका फिरला, की आफ्रिका म्हणजे धूर आणि धुरात तारा जाळणारी पोरं, हेच चित्र कायम झालं. अक्राच्या अ‍ॅगबॉग्ब्लोशी या भंगारपेठेत कॅमेरा घेऊन न गेलेला युरोपीय छायाचित्रकार शोधावा लागेल. त्या पेठेवर घाना सरकारने २०२१ च्या जुलैत बुलडोझर फिरवला. तिथं पोचणाऱ्या भंगारात घानावासीयांनी स्वतः वापरून टाकलेलं सामानही भरपूर होतं, पण ते फोटोत ओळखू येत नाही. नायजेरियाच्या बंदरांवर २०१५-१६ मध्ये अधिक पद्धतशीर मोजणी झाली. त्यात वर्षाला ६० हजार टनांच्या आसपास जुनी विद्युत उपकरणं येताना दिसली आणि चालू नसलेल्यांचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्शाच्या आगेमागे निघालं. गंमत अशी, की जवळजवळ ७० टक्के माल जुन्या मोटारींच्या पोटात कोंबून आला होता. युरोपातून भंगार गाडी येते, तिच्या मागच्या सीटवर टीव्ही, डिकीत फ्रिज, आणि उरलेल्या फटीत संगणक. आपल्या एसटीच्या टपाला यातलं कौतुक कळेल.

म्हणजे पाऊण नाही, पाचवा हिस्सा. तरीही हजारो टन होतातच. आणि कायद्यात वाट आहे. १९८९ च्या बासेल करारानुसार घातक कचरा दुसऱ्या देशात धाडायचा, तर त्या देशाची आगाऊ संमती लागते. (अमेरिकेने या करारावर सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही. सही करायला पेन पुरतं.) कचरा म्हटलं की कागद लागतात, वापरलेला माल म्हटलं की कमी लागतात, आणि दान म्हटलं की कागद मागायची कस्टमवाल्यालाच लाज वाटते. युरोपीय संघाने २०१२ च्या निर्देशात, यंत्र तपासलं आहे आणि चालतं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकली. म्हणजे दान चालू स्थितीत असावं, हे सुचायला कायदा करावा लागला.

समजा, यंत्र चालतं. पुढे? पेरूने तर जुनी नव्हे, नवी कोरी लाखो लॅपटॉप यंत्रं शाळांत वाटली. ३१९ शाळांचा अभ्यास इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने २०१२ साली छापला. संगणक वाढले, वापर वाढला, गणित आणि भाषेच्या गुणांत मात्र काहीही फरक दिसला नाही. हे वाचायला आपल्याला पेरूपर्यंत जायची गरज नव्हती. खेड्यातली शाळा पाहिलेल्या माणसाला ठाऊक असतं, की संगणक कक्षातली सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे दाराचं कुलूप. यंत्र बिघडलं तर जबाबदार कोण, या भीतीने गुरुजी ते कुणाला वापरूच देत नाहीत. दात्याने माऊस दिलेला असतो, वीजबिलाची तरतूद दिलेली नसते, आणि शिकवणाऱ्याचा पगार ही तर त्याला आपली बाबच वाटत नाही.

नीट देणारेही आहेत, हे लिहिलं पाहिजे, नाहीतर सदर अन्यायाचं होईल. लंडनची कॉम्प्युटर एड इंटरनॅशनल ही संस्था १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम करते. आलेल्या यंत्रातली माहिती पुसायची, ते तपासायचं, दुरुस्त करायचं आणि मगच केनियासारख्या देशातल्या शाळांकडे पाठवायचं. त्याचा खर्च घेणाऱ्याकडूनही थोडाफार वसूल होतो. यावर काही लोक नाकं मुरडतात, की दानात कसले पैसे? माझ्या मते यातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट तीच. पैसे मोजणारा माणूस दात बघतो, आणि बिघडलं तर फोन करून भांडतो.

संगणकाचं सगळ्यात कसदार प्रशिक्षण मात्र कुणीही दान न केलेल्या जागी चालतं. लेगॉसच्या इकेजा भागात ओटिग्बा रस्त्याच्या आसपास ‘कॉम्प्युटर व्हिलेज’ आहे. टेबलाएवढ्या जागेत बसून पोरं मदरबोर्डवरचा जळका भाग शोधतात, तो उचकटतात, दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरचा जिवंत भाग डागतात. उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून शिकतात. ना प्रमाणपत्र, ना फीत, ना प्रमुख पाहुणे. श्रीमंत देशांत बॅटरी गेली की यंत्र फेकतात, इकेजात बॅटरीचा एकेक सेल बदलतात. प्रशिक्षणाचा कंटेनर खरं तर उलट्या दिशेने निघायला हवा.

हे सगळं आपल्याला सांगायचं कारण असं, की आपण आता घेणाऱ्यांच्या रांगेतून हळूच देणाऱ्यांच्या रांगेत सरकलो आहोत. हिंजवडीतल्या कंपन्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांत बदलतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या ग्राहकांनी असला कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच सोपवायचा आहे. त्यात कागदपत्रं आहेत, फोटो नाही. आणि मुळशीतली शाळा तिथून गाडीने जाण्याइतकी जवळ आहे.

कंपन्यांना माझी एकच सूचना आहे. दान करायच्या थप्पीतलं कुठलंही एक यंत्र डोळे मिटून उचलावं आणि पुढचा अख्खा सोमवार व्यवस्थापकीय संचालकांनी त्यावर काम करावं. चार्जर तोच, बॅटरी तीच, ‘ई’ची कळ निघालेला कीबोर्डही तोच. दुपारच्या जेवणापर्यंत त्यांनी आयटी विभागाला शिव्या घातल्या नाहीत, तर मंगळवारी बॅनर छापायला टाका.