शाल, श्रीफळ आणि सागवानी खांब

कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. त्यामुळे इथं जुन्या घरांच्या जतनावर व्याख्यान ठेवायचं, तर वक्ता कोण हा प्रश्न दुय्यम. कुठल्या गटाला कितवी खुर्ची, हे आधी ठरतं. ते एकदा ठरलं की फ्लेक्स लागतो. मध्यभागी शाहू महाराज, आणि भोवती महाराजांपेक्षा मोठ्या आकाराचे शुभेच्छुक. हा फ्लेक्स लावायला जागा कुठली? तर गावातल्या उरल्यासुरल्या वाड्याची नक्षीची गॅलरी. सागवानाला चार खिळे ठोकले की वारसा जतनाच्या कामाचा शुभारंभ झाला.

व्याख्यान अर्थातच वाड्यात नसतं. ते एसी मंगल कार्यालयात असतं, आणि ते कार्यालय ज्या जागेवर उभं आहे तिथं पूर्वी काय होतं, हे विचारायचं नसतं. पहिला तास फेटे, शाली, नारळ आणि कुंडीतल्या रोपात जातो. मग वक्ते सांगतात की, कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 17 मार्च 1884 ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. ही बातमी कागलकरांना ऐकवायला मुंबईहून गाडीभाडं देऊन माणूस आणावा लागतो. नंतर पडद्यावर जयपूर येतं, इटली येते, 2025 साली युनेस्कोच्या यादीत गेलेला पन्हाळा येतो. शेवटी चुना. चुन्याच्या घाणीत गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात, असं वक्ते सांगतात आणि कोल्हापूर जिल्ह्यातले श्रोते गुळाचं नाव पहिल्यांदा ऐकल्यासारखे माना डोलावतात. चुन्याचं काम हाताखालून गेलेला एखादा म्हातारा गवंडी असलाच, तर तो मागं खुर्च्या मांडत असतो. त्याच्याकडं प्रमाणपत्र नाही. व्याख्यानाला जोडून घेतलेल्या कार्यशाळेला आलेल्यांना मात्र मातीचा एक भेंडा थापून, त्याच्यासोबत सेल्फी काढून, संध्याकाळी पाचपर्यंत ते मिळतं.

आता जुनं घर पडतं कसं, हे ज्यांच्या डोक्यावर ते आहे त्यांना विचारा. सुरुवात एका कौलापासून होते. माकडानं उडी मारली, कौल सरकलं. पूर्वी मृगाच्या आधी शाकारणी व्हायची; आता तो कारागीर औद्योगिक वसाहतीत सुरक्षारक्षक आहे. पाणी भिंतीच्या माथ्यावर मुरतं, भिंतीतलं तुळईचं टोक कुजतं. मग कुणीतरी शहाणा सांगतो, सिमेंटचा गिलावा मारा. मारला की ओल आतल्या आत कोंडते, वरून भिंत गुळगुळीत आणि आत चिखल. दोन पावसाळ्यांनी पोट सुटलेली भिंत रस्त्यावर येते. हे सगळं टळावं म्हणून लागणारा खर्च वेळीच केला, तर तो एका फ्लेक्सच्या आसपास असतो.

 सरकारचं मात्र जुनं घर जपण्याकडं आणि पाडण्याकडं, दोन्हीकडं लक्ष आहे. 18 एप्रिलला जागतिक वारसा दिन. त्या दिवशी हे घर ठेवा असतं. मे महिन्यात मान्सूनपूर्व तयारी सुरू झाली, की तेच घर धोकादायक होतं आणि 1965 च्या नगरपरिषद कायद्याखाली दारावर नोटीस डकवली जाते. जुलैत पंचनामा. 19 नोव्हेंबरपासून जागतिक वारसा सप्ताह, तेव्हा मोकळ्या झालेल्या प्लॉटवर मंडप घालायला जागा आयतीच मिळते. मधल्या काळात कुणी आवास योजनेचा अर्ज केला असेल, तर सरकारदरबारी मातीचं घर कच्चं. आजोबांच्या आजोबांनी बांधलेलं असलं तरी कच्चं. ते पाडून स्लॅब ओता, अडीच लाख घ्या. त्याच भिंतीची डागडुजी करतो म्हणालात, तर खिडकीवरचा माणूस तुमच्याकडं काळजीनं बघतो.

जळाल्यावर मात्र प्रेम येतं. कोल्हापुरात 1915 चं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळलं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. राखेतून धूर निघत असतानाच ते जसंच्या तसं उभारण्याच्या घोषणा झाल्या. नाटकवाले ढसाढसा रडले, ते खरंच रडले. त्यांची थट्टा माझ्याच्यानं होणार नाही. पण जुन्या घरवाल्यांनी यातून काय शिकायचं? आपल्या वाड्याकडं कुणी बघावं असं वाटत असेल, तर आधी तो पेटला पाहिजे?

तर व्याख्यान संपतं आणि प्रश्नोत्तरं होतात. एक म्हातारबा उठतात. "सायेब, चुन्याचं समदं पटलं. पर घराच्या उताऱ्यावर आमी भाऊबंद मिळून सतरा नावं हायती. दोन पुण्याला, एक दुबईला, तिघं एकमेकांचं तोंड बगत न्हाईत. कौल बदलायचं म्हटलं तरी कोर्टाची नोटीस येती. त्याला तुमच्या चुन्यात काय घालायचं?"

वक्ते हसतात, प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणतात, आणि सामूहिक इच्छाशक्तीवर बोलतात.

शेवटच्या रांगेत एक माणूस मघापासून वहीत लिहून घेतोय. सगळ्यांत मन लावून ऐकणारा श्रोता तोच. जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात त्याचं येणंजाणं असतं. तिथून दरवाजे रिसॉर्टला जातात आणि खांबांची टेबलं होतात. चहाच्या वेळी तो म्हातारबांना बाजूला घेतो. चौकट किती फुटी, खांब किती, पितळी कड्या शाबूत आहेत का, एवढंच विचारतो. सतरा सह्यांचं विचारत नाही. आभारप्रदर्शनात ध्वनिक्षेपकवाल्याचं नाव येईपर्यंत भाव ठरलेला असतो. टेम्पो उद्या सकाळी सातला.