हुकमाला आपला, पगाराला परका

कर्मचारी कोण आणि स्वतंत्र ठेकेदार कोण, हा प्रश्न वकिलांना अवघड वाटतो. आमच्या ताडकळसात तो कधीच सुटला आहे. काम सांगताना माणूस आपला असतो, पैसे मोजताना तो स्वतंत्र होतो.

आशाताईंचंच बघा. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्या कागदोपत्री स्वयंसेविका झाल्या. तेव्हापासून सगळं स्वयंस्फूर्तीनं चाललंय. रात्री दोनला कळा सुरू झालेल्या बाईला दवाखान्यात न्यायची स्फूर्ती, भर उन्हात घरोघर सर्वेक्षणाची स्फूर्ती. ‘माहिती आज सायंकाळपर्यंत पाठवा’ असा निरोप मोबाईलवर आला की स्फूर्तीला जरा जास्तच चेव येतो. थोडं मानधन ठरलेलं, बाकी कामागणिक मोबदला. नऊ महिने ताईंनी जपलेली गरोदर बाई ऐनवेळी घरच्यांनी परभणीच्या खाजगी दवाखान्यात नेली, तर बाळंतपणाचा मोबदला बहुधा बुडाला. धंदा म्हटला की जोखीम आलीच!

2013 साली भारतीय श्रम परिषदेनं शिफारस केली की अशा योजनांतल्या बायकांना कामगार माना. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला. शिफारस फायलीत गेली, गौरव फोटोत आला. शेजारच्या अंगणवाडीताईंना मात्र त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. म्हणजे काम करेपर्यंत मानसेवी, काम सुटलं की कर्मचारी!

न्यायालयाचाही गोंधळ जुनाच. विडी वळणाऱ्यांच्या भरपगारी रजेचा वाद दोनदा तिथं गेला. डिसेंबर 1960 मध्ये नागपूरचे विडीवाले कामगार ठरले. वर्ष उलटायच्या आत, ऑक्टोबर 1961 मध्ये, महाराष्ट्रातलाच दुसरा विडीवाला कामगार नाही असं ठरलं. का, तर तो मर्जीनं येई-जाई, त्याच्यावर मालकाचा ताबा नव्हता. विडी नीट वळली नाही तर ती नाकारायचा ताबा मालकाकडे होता, पण तो मोजण्याइतका नसावा.

सगळ्यांत स्वतंत्र म्हणाल तर ऊसतोड्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची, बिऱ्हाड लेकरांसकट गाडीत टाकायचं आणि उचल फिटेपर्यंत फड सोडायचा नाही. फड सोडता येत नाही, एवढी एक बाब वगळली तर माणूस मुखत्यारच. कारखान्याला विचारा, ‘मजूर मुकादमाचे.’ मुकादमाला विचारा, ‘मी तर कारखान्याचा हरकाम्या.’ त्यांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ निघालं आणि कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचं ठरलं. आपल्या नसलेल्या माणसावर इतका जीव लावणारा मालक आमच्या पूर्णा तालुक्यात तरी दुसरा सापडायचा नाही.