अंगठ्या मोजणारा माणूस

अमेरिकेत सप्टेंबर उजाडला की स्पोर्ट्स बारच्या काउंटरवर एक गृहस्थ रुजू होतो, आणि फेब्रुवारीत अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, उरकेपर्यंत तिथून हलत नाही. वय चाळिशीच्या पुढे. अंगात आवडत्या खेळाडूची जर्सी. ती घेतली तेव्हा छातीवरच्या १२ मधले दोन्ही अंक एकमेकांना खेटून होते. आता पोटाच्या घेरामुळे १ आणि २ यांच्यात बरंच अंतर पडलं आहे. समोर चिकन विंग्जची टोपली, बोटांना नारिंगी सॉस, आणि नजर टीव्हीवर कमी, शेजाऱ्यावर जास्त. सामना त्याला निमित्तापुरता हवा असतो. खरी वाट तो मध्यंतराची पाहतो, कारण तेव्हा त्याला एक प्रश्न टाकता येतो : आजवरचा सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण? प्रश्न म्हणायचा तो आपला रीत म्हणून. उत्तर छातीवर छापलेलं असतं.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, अकरा-अकरा जणांच्या या झटापटीत चेंडू हातात घेऊन तो कुणाला द्यायचा की कुठे फेकायचा, हे दोन-तीन सेकंदांत ठरवणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. पुढे पाच धिप्पाड गडी आडवे उभे असतात म्हणून तो पायांवर उभा राहतो. लांबवर कुणीतरी ऊर फुटेस्तोवर धावून चेंडू झेलतो म्हणून त्याचा पास पास ठरतो, आणि चेंडू गोलरेषेपार पोचला की टचडाऊन. आणि चेंडू प्रतिपक्षाकडे गेला की तो खुशाल बाकावर जाऊन बसतो; त्याच्या संघाचे वेगळेच अकरा जण मैदानात उतरतात. गावसकर मोठा की तेंडुलकर, यावर आपल्याकडे भांडणाऱ्यांच्या हाती निदान ज्याच्या त्याच्या धावा तरी असतात. इथे मेहनत साऱ्या ताफ्याची आणि पोस्टर एकाचं. आपल्या गृहस्थाचा सगळा स्वभाव खेळाच्या या रचनेतून आला आहे. श्रेय कुणाचं किती हे काढता येत नाही, म्हणून तो माणूस आधी निवडतो आणि माप मागाहून शोधतो. मात्र यात तो लबाडी करतो असं मला वाटत नाही, कारण या खेळाने त्याच्यापुढे दुसरी वाटच ठेवलेली नाही.

तो गावोगावी वेगवेगळ्या रूपांत भेटतो. बॉस्टनमध्ये तो टॉम ब्रेडीचा वकील असतो आणि त्याचं माप म्हणजे अंगठ्या, कारण सुपर बोल जिंकणाऱ्यांना हिरेजडित अंगठी मिळते आणि ब्रेडीकडे अशा सात आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत तो जो मोन्टानाचा असतो. मोन्टानाच्या अंगठ्या चार, त्यामुळे त्या एका हाताच्या बोटांवर मोजून होतात. बॉस्टनवाल्याला मात्र सातापर्यंत जायला दुसऱ्या हातातली विंग खाली ठेवावी लागते. मोन्टानावाला तेवढ्यात गाठतो : आमचा माणूस चार सुपर बोल खेळला, चारही जिंकला, त्यांत १२२ पास टाकले, ११ टचडाऊन केले आणि प्रतिपक्षाच्या हातात एकही चेंडू दिला नाही, तुमचा तीनदा हरला. मायामीवाल्यापुढे अंगठीचा विषय काढायचा नाही. त्याच्या डॅन मारिनोने १९८४ च्या हंगामात ५०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन केले, हंगामाच्या शेवटी सुपर बोल मोन्टानाच्या संघाशी गमावला, आणि पुन्हा त्या पायरीवर कधी पोचला नाही. मायामीवाला म्हणतो, अंगठी संघाला मिळते, हात माणसाचा असतो. पेटन मॅनिंगचा माणूस सर्वोत्तम खेळाडूचे पाच किताब पुढे ठेवतो. जॉनी युनिटासचा म्हातारा भक्त बाल्टिमोरचा. १९८४ साली त्याचा संघ एका रात्रीत ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला नेला गेला, म्हणून पुढे इंडियानापोलिसकडून खेळलेल्या मॅनिंगचं नावही तो तोंड वाकडं केल्याशिवाय घेत नाही. प्रत्येकाचं माप वेगळं आणि प्रत्येकाच्या मापात बरोबर त्याचाच माणूस बसतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आता अंगठ्यांचं मापच तपासून पाहू, कारण बारमध्ये चलती त्याचीच आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटलचा संघ ब्रेडीच्या संघाच्या गोलरेषेपासून एका यार्डावर येऊन ठेपला होता. तिथे माल्कम बटलर नावाच्या नवख्या पोराने चेंडू मधल्यामध्ये पकडला आणि सामना वाचवला. ब्रेडी त्या क्षणी बाकावर बसून पाहत होता, अंगठी जमा. २०१९ मध्ये संघ १३–३ असा जिंकला, ब्रेडीच्या पासवर एकही टचडाऊन झाला नाही, अंगठी जमा. या दोहोंच्या मधल्या २०१८ च्या सुपर बोलमध्ये त्याने ५०५ यार्डांचे पास टाकले आणि त्याचा संघ ४१–३३ असा हरला, अंगठी नाही. म्हणजे तिन्ही सामने डोळ्यांसमोर ठेवले तर ज्या दिवशी हा माणूस सगळ्यांत जास्त खेळला, नेमका तोच दिवस हिशेबातून गळतो. शिवाय याच मापाने ट्रेंट डिल्फर मारिनोपेक्षा मोठा ठरतो, कारण २००१ मध्ये बाल्टिमोरच्या जबर बचावफळीच्या जोरावर त्याला अंगठी मिळाली. त्याच्या संघाचं मत काही वेगळं असावं. त्यांनी पुढच्या हंगामात त्याला ठेवला नाही. आणि क्लीव्हलंडच्या ऑटो ग्रॅहमचं काय करायचं? १९४६ ते १९५५ या दहा हंगामांत दहा वेळा अंतिम सामना आणि सात अजिंक्यपदं, म्हणजे आकडा ब्रेडीइतकाच. पण सुपर बोल सुरू झाला १९६७ साली. बॉस्टनवाल्याच्या हिशेबात ग्रॅहमच्या सुपर बोल अंगठ्या शून्य.

यावर एखादा शहाणा म्हणेल, अंगठ्या सोडा, आकडेमोड करा. तीही करून झाली आहे. १९७३ पासून नॅशनल फुटबॉल लीगमध्ये पास टाकणाऱ्याला गुण देण्याचं एक सूत्र आहे. त्यात पैकीच्या पैकी म्हणजे १५८.३. शंभर का नाही, हे विचारू नये. आणि ज्याने दिवसभर प्रत्येक पास जमिनीवर आपटला, पण प्रतिपक्षाच्या हाती एकही दिला नाही, त्याला त्या सूत्रात ३९.६ गुण मिळतात. आपल्याकडच्या परीक्षेत हा पठ्ठ्या पास झाला असता. न्यूयॉर्कच्या जो नेमथला संपूर्ण कारकिर्दीत मिळाले ६५.५. त्याने १७३ टचडाऊन दिले आणि २२० वेळा चेंडू शत्रूच्या हवाली केला. तरी १९६९ मध्ये ‘जिंकणार म्हणजे जिंकणार’ असं आधी जाहीर करून बलाढ्य बाल्टिमोरला हरवलं म्हणून तो अजरामर झाला. त्यात नियमही जागेवर राहिले नाहीत. १९७८ पर्यंत बचाव करणारा गडी पास झेलायला निघालेल्याला वाटेत धक्काबुक्की करू शकत होता. त्या वर्षापासून पाच यार्डांपुढे त्याला हात लावायची बंदी झाली आणि पासचे आकडे फुगले. युनिटासच्या सुरुवातीच्या वर्षांत हंगाम बारा सामन्यांचा होता, आज सतरांचा आहे. युनिटासने तरीही सलग ४७ सामन्यांत टचडाऊन पास टाकला, आणि तो विक्रम मोडायला ड्रू ब्रीसला २०१२ उजाडावं लागलं. आकडे खोटं बोलत नाहीत हे खरं, पण ते ज्याच्या शेजारी बसतात त्याच्यासारखं बोलू लागतात.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे : ब्रेडीच्या बाबतीत वाद उरलाच कुठे? २००० साली नव्या खेळाडूंच्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर उचललेला मुलगा. एकट्याकडे सात अंगठ्या, आणि कुठल्याही एका संघाच्या खात्यावर आजवर तेवढ्या नाहीत. बिल बेलिचिकसारखा प्रशिक्षक होता म्हणून जिंकला म्हणावं, तर वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी टॅम्पाला जाऊन त्याच्याशिवायही एक जिंकून आला. मला विचाराल तर माझं मतही ब्रेडीलाच. पण हा युक्तिवाद ऐकून मोन्टानावाल्याने काय केलं हे पाहण्यासारखं आहे. ब्रेडीकडे तीन अंगठ्या होत्या तोवर तो खुशाल अंगठ्या मोजत होता. मारिनोवाल्याला तर त्याने अंगठ्यांनीच गप्प केलं होतं. २०१७ मध्ये ब्रेडीची पाचवी आली आणि त्या रात्रीपासून याचं माप बदललं. किती सुपर बोल जिंकले यापेक्षा किती हरले हे त्याला महत्त्वाचं वाटू लागलं, आणि १९७८ नंतरच्या नियमबदलांचाही तो अभ्यास करू लागला. फक्त मोन्टाना स्वतः १९७९ मध्ये लीगमध्ये आला, हे तो सोयीने विसरतो.

मग हा सगळा खटाटोप फुकटच म्हणायचा का? तसं मला वाटत नाही. उत्तर शोधणं हे या गृहस्थाचं काम धरलं तर तो नापास आहे. पण खेळाची आठवण जिवंत ठेवणं हे त्याचं काम धरलं तर त्याच्यासारखा राबणारा दुसरा नाही, तोही बिनपगारी. ब्रेडीच्या सातला उत्तर म्हणून कुणाला तरी सात शोधावे लागले, म्हणून बारमधल्या विशीतल्या पोरांना ऑटो ग्रॅहम हे नाव ऐकायला मिळालं. मोन्टानाचे १२२ पास आज कुणाला पाठ असते, जर ते कुणाच्या तरी तोंडावर फेकायचे नसते? निःपक्षपाती माणसाला आकडे पाठ करायची गरजच पडत नाही. ती मेहनत पक्षपाती माणूस करतो. म्हणून त्याची मापं बदलत राहावीत, हेच बरं. कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सने तिशीच्या आतच तीन अंगठ्या मिळवल्या आहेत. उद्या त्याने आठवी मिळवलीच, तर बॉस्टनवाला शांतपणे सांगू लागेल की अंगठ्या संघाला मिळतात, हल्लीच्या नियमांत कुणीही पास टाकतो, आणि दर्जा हा असा बोटांवर मोजायचा नसतो. शेजारच्या स्टुलावरचा मोन्टानावाला त्याला जागा करून देईल. ही वाक्यं त्याला तोंडपाठ असतील.