लाल दिव्याची वायर काढणाऱ्या मिस्तरीस

मिस्तरी,

या पत्रात तुमचं नाव येणार नाही, गॅरेजचंही नाही. पण हिंगोलीत कागद फिरायला वेळ लागत नाही, आणि काळ्या टेपपर्यंत वाचत आलात की पत्र कुणाला लिहिलंय ते तुम्हाला कळेलच.

पांढरी मारुती ८००, एमएच २२. वडिलांनी १९९७ साली घेतली. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला, म्हणून आमच्या नंबरावर अजून परभणी आहे. गाडी जिल्ह्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली. वडील एका लांबट वहीत पेट्रोल, किलोमीटर आणि ऑइल लिहून ठेवायचे. ते गेल्यावर मी लिहिते. ती वही उघडून मी तुमच्या बाकावर ठेवली होती. तुम्ही तिच्यावर पाना ठेवलात. पानावर उमटलेला तेलकट डाग अजून आहे.

मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. गाडी भरलेली असताना चढावर चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येते. ऑइल आधी दीड हजार किलोमीटरला लिटरभर लागायचं, आता सहाशेलाच लागतं. आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला अर्धा मिनिट निळा धूर येतो, मग साफ. तुम्ही म्हणालात, "ताई, जुनी गाडी आहे, ऑइल खाणारच. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

मला तेव्हा कळत नव्हतं, म्हणून तर तुमच्याकडे आले होते. तुम्हाला कळत असूनही तुम्ही बोनेटमध्ये वाकून पाहिलं नाहीत. माझ्या पर्सची चेन वाजलेली तेवढी तुम्हाला लगेच ऐकू आली.

ती तिन्ही लक्षणं एकाच दुखण्याची होती. या इंजिनाला तीन सिलिंडर आणि सहा व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांडीवर करवंदाएवढं रबरी टोपण असतं, व्हॉल्व्ह सील. वर्षानुवर्षं तापून रबर कडक होतं आणि दांडीला धरून राहत नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की वरचं ऑइल दांडीवरून आत उतरतं आणि सकाळी जळतं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असत्या तर धूर फक्त सकाळी आला नसता, लोडवर आणि चढावरही आला असता. आत गेलेलं ऑइल जळून नुसतं संपत नाही. त्याची काजळी पिस्टनच्या डोक्यावर थापून बसते, आतली जागा कमी होते, दाब वाढतो. काजळीचा एखादा कण लाल होऊन राहतो आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतो. त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं की त्याचा ऑक्टेनही उतरतो. म्हणून ती खडखड. सहा रबरी टोपणं बदलायची आणि काजळी काढायची, एवढंच काम होतं.

तुम्ही काय केलंत? डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला, तो जरासा फिरवून टायमिंग मागे घेतलं आणि बोल्ट पुन्हा आवळला. पाच मिनिटांत खडखड बंद. मला आनंद झाला होता, हे कबूल करते. मग पिकअप गेला, ॲव्हरेज पडलं, गरमचा काटा वर सरकायला लागला, आणि ऑइल होतं तसंच जळत राहिलं.

दुखणं सोडून आवाज दाबण्याची ही रीत तुम्ही शोधलेली नाही. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला सापडलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं तर नॉकिंग, म्हणजे हीच खडखड, थांबते. जगभरच्या गाड्या गप्प झाल्या आणि शिसं हवेतून लेकरांच्या रक्तात गेलं. आपल्या देशात शिशाचं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं, सगळ्यात शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१. आमची गाडीही पहिली काही वर्षं तेच पेट्रोल प्यायली असणार.

दुसऱ्यांदा आले ती लाल दिव्यामुळे. सिग्नलला गाडी उभी राहिली की ऑइलचा दिवा लुकलुकायचा. तुम्ही जाड ऑइल ओतलंत, वर कसलीशी बाटली रिकामी केलीत, आणि म्हणालात, "या गाड्यांचा सेन्सर खराबच असतो. आता नाही लागायचा दिवा." तो लागला नाही. तेवढा एक शब्द तुम्ही पाळलात.

मे महिना होता. आईला तपासणीसाठी नांदेडला नेत होते. कळमनुरी गेलं, बाळापूर गेलं. वारंगा फाट्याच्या अलीकडे इंजिनाच्या पोटातून ठक-ठक सुरू झाली. चढावरची ती खडखड नव्हे, खोल आवाज, बंद खोलीत कुणी मुसळ आपटतंय असा. मी लगेच दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला. म्हणजे ऑइलचा दाब ठीक आहे, असं धरून मी आणखी चार किलोमीटर गाडी चालवली. रोज रात्री मला ते चार किलोमीटर आठवतात. मग एक दणका बसला आणि गाडी बंद पडली. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात आई लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली, ओला पदर डोक्यावर घेऊन. हळदीची पोती घेऊन वसमतला निघालेल्या एका टेम्पोवाल्याने आम्हाला फाट्यापर्यंत टोचन करून नेलं. पैसे घेतले नाहीत. आधी आईला पाणी दिलं.

फाट्यावरून गाडी वसमतला नेली. तिथे एक म्हातारे मिस्तरी भेटले. त्यांनी वही मागून घेतली आणि स्टुलावर बसून चार पानं वाचली. इंजिन जेमतेम चालू होत होतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्यांनी आधी वर ऐकलं, मग खाली. "टॅपेट नाही, खालून आहे." मग एकेका प्लगची वायर काढली. मधल्या सिलिंडरची काढताच ठक-ठक मंदावली. "याच कनरॉडचं बेअरिंग." प्लग बाहेर काढला तर काळा आणि ओला. मग कॉम्प्रेशन पाहिलं. गेज लावलं, नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा लावलं. काटा फारसा हलला नाही. "रिंगा चांगल्या आहेत, ताई. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट बुजली असती आणि काटा चढला असता." रात्रभर गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवली. सकाळी कागद कोरडा, म्हणजे गळती नाही, सगळं आत जळत होतं. या सगळ्याला दीड तास आणि एक रात्र लागली. यातलं प्रत्येक हत्यार तुमच्याही गॅरेजात आहे.

वायर त्यांनाच दिसली. चावी फिरवली, इंजिन चालू केलं नाही, आणि ते म्हणाले, "लाल दिवा का लागत नाही?" ब्लॉकवरच्या ऑइल स्विचची वायर काढलेली होती, टोकाला काळी टेप गुंडाळून मागे खोचलेली. दाब पडला की त्या स्विचमुळेच दिवा लागतो. वायर काढली की इंजिनात थेंबभर ऑइल नसलं तरी दिवा लागत नाही. म्हातारेबुवा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी नखाने टेप सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

आता क्रँक नांदेडला लेथवर गेला आहे. ग्राइंडिंग होईल, बेअरिंगचे नवे शेल बसतील, आणि पहिल्याच दिवशी बदलायला हवी होती ती सहा टोपणंही. खर्च मी करीन, वडिलांची गाडी आहे. मला तुमच्याकडून पैसे नकोत.

पण तुमच्या दारात रोज गाड्या येतात. कुणी गाडीतून लेकरं शाळेत सोडतं, कुणी बाळंतीण घरी आणतं. अशा किती गाड्यांच्या वायरी काढल्यात, ते तुम्हालाच माहीत. त्या सगळ्यांना फोन करा, गाड्या परत बोलवा आणि वायरी जोडून द्या. सणावाराच्या आधी करा, तेव्हा लोक लांब जातात.

तुम्ही केलं नाहीत तर लोकांनी स्वतः पाहावं, म्हणून पत्र उघडं लिहिलंय. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही, तर गाडी हलवू नका. दुसऱ्या मिस्तरीला वायर आणि बल्ब दाखवा.

तुमची टेप माझ्याकडे आहे, वहीच्या त्या डागाच्या पानात.

एमएच २२ वाली