काच, कडक इस्त्री आणि नारायणगड

बीड जिल्ह्यात गाडीच्या बंद काचेतून चांगला फोटो निघत नाही. त्याचं कारण काच नाही, इस्त्री आहे.

हे जरा उलगडून सांगतो. साध्या काचेवर समोरून प्रकाश पडला की बहुतेक आरपार जातो, पण काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चारेक टक्के मागे फिरतो. काचेला बाजू दोन, म्हणजे शंभरातले आठ परत. आठ टक्के ही काही फार मोठी मागणी नव्हे. आपल्याकडे याहून जास्त टक्क्यांवर कामं होतात आणि कुणाची तक्रार नसते. फक्त हे आठ टक्के कुणाचे, ते महत्त्वाचं. काचेसमोर काळं घोंगडं असेल तर परत यायला काही नसतंच. समोर पांढराशुभ्र, नीळ दिलेला, खळ घालून कडक इस्त्री मारलेला शर्ट असेल, तर तो शर्ट बाहेरच्या डोंगरावर जाऊन बसतो. बाहेर रणरणतं ऊन असेल तर तो उन्हात बुडून जातो. बाहेर अंधुक असेल तर डोंगर बुडतो आणि शर्ट तरंगतो.

आणि आमच्याकडे गाडीत जो बसतो तो पांढऱ्यातच बसतो. वारकरी पांढऱ्यात, पुढारी पांढऱ्यात, पुढाऱ्याच्या मागे फिरणारे त्याहून पांढऱ्यात. सप्त्याला पांढरा, साखरपुड्याला पांढरा, दहाव्याला पांढरा, मोर्चालाही पांढरा. गाडी पांढरी, तिच्या सीटवर पांढरा टॉवेल. कार्तिकात खिडकीबाहेर बघावं तर रानात कापूस फुटलेला.

माझे मामा या शुभ्र परंपरेतले अग्रगण्य गृहस्थ. दर कार्तिकी एकादशीला ते नारायणगडावर जातात. बीडजवळ बालाघाटाच्या डोंगरात नगद नारायण महाराजांचं हे ठाणं. विठ्ठल तिथं आहे म्हणून गडाला धाकटी पंढरी म्हणतात. ज्यांना पंढरपूर गाठायला जमत नाही ते गड गाठतात. ज्यांना जमतं तेही, थोरली झाली म्हणून धाकटीला चुकवत नाहीत. 12 ऑक्टोबर 2024 ला, दसऱ्याच्या दिवशी, मनोज जरांगे पाटलांचा मेळावा इथं झाला आणि सगळ्या महाराष्ट्रानं गड टीव्हीवर पाहिला. तेव्हापासून मामांच्या मनात एक घर करून बसलंय: गडाचा फोटो काढावा तर लांबून, रस्त्यावरून, चालत्या गाडीतून. "त्या ड्रोननं वरून काढलाय. तू बाजूनं काढ," अशी मला आज्ञा झाली. ड्रोनच्या आणि गडाच्या मध्ये काच नव्हती, ही बारीक बाब त्यांनी विचारात घेतली नाही.

"मग काच खाली घेतो," मी म्हणालो.

"काच खाली घ्यायची नाही. धूळ येती. कापडं बघ माझी."

म्हणजे बघा. त्या एका शर्टासाठी काच वर ठेवायची, आणि वर ठेवलेल्या काचेत तोच शर्ट उमटायचा. गुन्हा करणारा आणि पंचनाम्यावर सही करणारा पंच, दोन्ही एकच.

पहाटेची वेळ. पुढच्या सीटवर मामांची वीणा. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून तिला सीट आणि सीट बेल्ट दोन्ही मिळतात. मागे या खिडकीशी मी, मधे मामा, त्या खिडकीशी मामी. मामांचा हरिपाठ चालू, म्हणून गाडीतला दिवाही चालू. बाहेर नुकतं फटफटायला लागलेलं. काचेतून चित्र बिघडवायचंच असेल तर याहून चांगली मांडणी प्रयोगशाळेतसुद्धा जमणार नाही: आत उजेड, बाहेर अंधूक आणि मधे कडक पांढरं. डोंगराची रेघ दिसली तसा मी मोबाइल उचलला. फोटोत डोंगर आला. डोंगरावर मामांची टोपी आली. टोपीखाली मामा, मामांच्या छातीशी हरिपाठ आणि खाली पायथ्याशी सीटवरचा टॉवेल.

"दिवा बंद करा मामा," मी म्हणालो.

"हरिपाठ चालूय."

"तुम्हाला पाठ नाही का?" मामींनी खिडकीकडे बघतच विचारलं. पन्नास वर्षं रोज म्हणणाऱ्या माणसाला याचं उत्तर देता येईना. दिवा बंद झाला.

फोटो निम्मा सुधारला. काचेतून फोटो काढणाऱ्याचं पहिलं काम हेच: आतला उजेड मारायचा. फ्लॅश तर नकोच. तो काचेवर आपटून सरळ लेन्समध्ये परत येतो आणि गडाच्या जागी सूर्य उगवतो. दुसरं काम, लेन्स काचेला भिडवायची. लेन्स आणि काच यांच्यात फट जितकी कमी, तितकं आतलं काही मधे घुसायला जागा कमी. मात्र चालत्या गाडीत मोबाइल काचेवर दाबून धरला की इंजिनाची सगळी थरथर फोटोत उतरते, आणि आमच्या रस्त्यांची थरथर इंजिनाला लाजवते. म्हणून मधे बोटांची गादी ठेवायची. कॅमेरेवाले लेन्सला रबरी कडं लावतात. आपल्याला देवानं तर्जनी आणि अंगठा दिलाय.

या सगळ्याला साधी लालपरी बरी, असं माझं मत आहे. तिची खिडकी सरकते, निदान सरकायची इच्छा तरी दाखवते. सगळ्यांत उत्तम बिनप्रतिबिंबाची काच म्हणजे नसलेली काच. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला गेली. बरोब्बर त्याच तारखेला, 1 जून 2022 ला, त्याच रस्त्यावर विजेवरची 'शिवाई' धावली. गारेगार, आवाज नाही, धूर नाही आणि बंद काचा. चौऱ्याहत्तर वर्षांत प्रवास सुखाचा झाला आणि फोटो अवघड झाला.

गाडी चालवणारा मामांचा पुतण्या. त्याचं सगळ्या विषयांत एक मत असतं. "काळी फिल्म पाहिजे होती काचेला," तो म्हणाला. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचेवरच्या काळ्या फिल्मा उतरवायला लावल्या, याचं दुःख त्याला अजून आहे. तेव्हा तो शाळेत होता; दुःख वारशानं आलंय. त्याला कसं सांगावं की काळ्या फिल्मनं उलटंच होतं? बाहेरचा उजेड कमी होतो, आतल्या बाजूचं प्रतिबिंब आहे तिथंच राहतं. मग डोंगर आणखी अंधुक आणि मामा आणखी ठळक.

पण त्याच्याकडे गॉगल होता. गॉगलच्या कोपऱ्यावर 'पोलराइज्ड' असं सोनेरी लेबल होतं, ते त्यानं आजतागायत काढलेलं नाही, लोकांना कळावं म्हणून. आता या लेबलाचं मूळ थेट पॅरिसमध्ये आहे. 1808 साली एतिएन लुई मालूस नावाचा फ्रेंच इंजिनिअर संध्याकाळी घरात बसून आइसलँडच्या स्फटिकाचा एक तुकडा डोळ्याला लावून बघत होता. समोर लक्झेंबर्ग राजवाडा, त्याच्या खिडक्यांच्या काचांवर मावळता सूर्य चमकतोय. या स्फटिकातून एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. मालूसनं स्फटिक गोल फिरवला, तर एक प्रतिमा मंद होत गेली. काचेवरून परतलेला प्रकाश साध्या प्रकाशासारखा राहत नाही, त्याची कंपनं एका दिशेनं शिस्तीत येतात, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं. पुढे 1815 मध्ये डेव्हिड ब्रूस्टरनं त्याचा कोन बांधून दिला. काचेशी काटकोन करणाऱ्या रेषेपासून छप्पन्नेक अंश तिरकं पाहिलं, तर परतणारा प्रकाश पुरता शिस्तीत असतो आणि योग्य फिल्टर फिरवून तो जवळजवळ सगळाच अडवता येतो.

हे सारं मी गाडीत सांगितलं. राजवाड्याच्या खिडकीपर्यंत मामांनी ऐकलं. "बिनकामाचा होता का तो?" एवढंच त्यांनी विचारलं.

गॉगल खरा आहे का, याची परीक्षा सोपी असते. पुतण्याच्या खतांच्या दुकानाचा कॅल्क्युलेटर डॅशबोर्डवर होता. गॉगल त्याच्या पडद्यापुढे धरून फिरवायचा. एका कोनात पडदा काळा पडला तर माल अस्सल. पडदा काळा पडला. उधारीची बेरीज दिसेनाशी झाल्याचं पुतण्याला इतकं समाधान वाटलं की त्यानं दोनदा फिरवून पाहिलं. मग मी गॉगल मोबाइलच्या लेन्सवर धरला, काचेला तिरका झालो आणि हळूहळू फिरवत गेलो. मामांची टोपी विरघळली. पण सोबत दुसऱ्या दोन गोष्टी झाल्या. गॉगलनं निम्म्याहून जास्त उजेड खाल्ला, तो पहाटे मुळातच कमी होता, त्यामुळे गड हलला. आणि गाडीच्या बाजूच्या काचा तापवून एकदम थंड करून कणखर केलेल्या असतात. तो ताण काचेत तसाच राहतो आणि असल्या फिल्टरमधून निळ्या-जांभळ्या डागांनी दिसतो. कार्तिकी एकादशीला, नारायणगडावर, रंगपंचमी.

यावर उपाय नाही असं नाही. 1938 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत कॅथरीन ब्लॉजेट या बाईंनी काचेवर साबणासारख्या पदार्थाचे एकेका रेणूच्या जाडीचे चव्वेचाळीस थर चढवले आणि काचेचं प्रतिबिंब जवळपास नाहीसं केलं. लेप एवढा नाजूक की बोटानं पुसला जाई. चहाच्या टपरीवर कुणीतरी काचेवर बोटानं नाव लिहिल्याशिवाय आमची गाडी सुटत नाही, तिथे ब्लॉजेटबाईंचं कसं व्हायचं? पुढे असे लेप टणक झाले, कॅमेऱ्याच्या लेन्सवर बसले. गाडीच्या खिडकीपर्यंत ते काही आले नाहीत.

शेवटी मामींनीच मार्ग काढला. "तुम्ही इकडं सरका, मी मधे बसते," त्या मामांना म्हणाल्या. मामींचं लुगडं गर्द हिरवं. त्या मधे आल्या आणि काच रिकामी झाली. मी दोनदा बघितलं. मामी शेजारीच होत्या, काचेत कुठे नव्हत्या.

"मी इतकी वर्षं या गाडीत बसते," त्या म्हणाल्या, "फोटोत कधी आलेली नाही." हे प्रकाशशास्त्राबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, ते विचारायचं धाडस गाडीत कुणाला झालं नाही.

तरीही मामांची टोपी मामींच्या खांद्यावरून डोकावतच होती. मग मामींनी मागच्या फळीवरचं काळं घोंगडं काढलं आणि म्हणाल्या, "हे घे डोक्यावरून."

मामा कळवळले. "एकादशीला काळं? गडावर जाताना?" आपल्याकडे काळ्याला मान संक्रांतीला. काचेतून फोटो काढायचे तर ते संक्रांतीलाच काढावेत, असाच शास्त्रार्थ निघत होता.

"ज्याच्या दर्शनाला चाललात, त्यो काय गोराय का?" मामी म्हणाल्या.

हरिपाठात यावर काही सापडेना. घोंगडं मंजूर झालं.

घोंगड्यासारखं साधन नाही. काळं, लोकरीचं, चमक नावाला नाही. लाकडी कॅमेऱ्याच्या काळात फोटोग्राफर डोक्यावर काळं कापड घेत, आणि आज कॅमेरेवाले काचेतून काढण्यासाठी काळ्या कापडाची घडी होणारी टोपणं विकत घेतात. धनगराकडे ती पिढ्यान्पिढ्या आहेत, वर थंडीही वाजत नाही. वळणावर गाडी थांबवली. मी, मोबाइल आणि खिडकी असे तिघं घोंगड्याखाली गेलो. आत मिट्ट काळोख आणि समोर काचेत, काच नसल्यासारखा, गड.

अडचण बाहेर झाली. रस्त्यानं दिंडी चालली होती. पांढऱ्या गाडीत, खिडकीला चिकटलेलं, हलणारं काळं घोंगडं बघून टाळ थांबले. एका आजींनी काच वाजवली. "कवापासून होतंय लेकराला?" त्यांनी मामींना विचारलं. गडावर गेल्या गेल्या काय करायचं तेही सांगितलं. मामा "फोटो काढायलाय, फोटो!" असं ओरडत होते. घरात असलं काही असलं की पुरुष माणसं झाकतातच, अशा नजरेनं त्यांच्याकडे पाहून आजी पुढे गेल्या. जाताना मला बुक्का लावून गेल्या. तोही काळा, प्रतिबिंब न पडणारा.

फोटो मात्र असा आला की विचारू नका. डोंगराचा कंगोरा न् कंगोरा, वर शिखर, खाली दिंडीची रेघ. टोपी नाही, टॉवेल नाही, डाग नाहीत. दर्शनाच्या रांगेत मी तो मामांच्या हातात दिला. मामांनी मोठा करून पाहिला. कोपऱ्यांत पाहिला. वर-खाली सरकवला.

"यात मी कुठंय?"

"तुम्ही नाही मामा. तेच तर करत होतो सकाळपासून."

"मग आपण गेलतो हे कसं कळायचं? असला तर कॅलेंडरवर पण असतोय."

मामांनी स्वतःच मागे सरकवत सरकवत पहाटेचा पहिला फोटो काढला. डोंगरावर टोपी, टोपीखाली मामा, छातीशी हरिपाठ. डोळे पाण्यानं भरले. "हा बघ. साक्षात."

पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस होता. तोच फोटो वीस फुटांच्या फ्लेक्सवर चौकात लागला. गडाच्या माथ्यावर अर्धपारदर्शक मामा, खाली शुभेच्छुकांच्या रांगा. दुसऱ्याच दिवशी फ्लेक्सवाल्याचा मला फोन. "दादा, तो इफेक्ट कुठल्या सॉफ्टवेअरचाय? पाच-सहा जण तसाच मागायलेत. एकाला तर परळीच्या देवळावर पाहिजे."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. काच बंद ठेवायची. आतला दिवा लावायचा. कापडं पांढरी, कडक इस्त्रीची. मोबाइल काचेपासून हातभर लांब. वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची. गॉगल आणि घोंगडं गाडीत ठेवायचंच नाही. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि त्याचे वेगळे पैसे लावतो म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. मामी गहू निवडत ऐकत होत्या.

"पुढच्या एकादशीला मी जरीचं नेसणारय," त्या म्हणाल्या, "आन् मधेच बसणारय."