‘पाय वर घेऊन बस’ म्हणणाऱ्या समस्त हितचिंतकांस अनावृत पत्र



मला सातवा लागला हे आपणांस ठाऊक आहेच. माझे महिने माझ्यापेक्षा आपणच काटेकोरपणे मोजता. दोन्हीकडच्या आत्या, मावश्या, सोसायटीचे सेक्रेटरी आणि दूधवाले दादा यांचं आयुष्यात प्रथमच एका गोष्टीवर एकमत झालं, ते माझ्या पायांवर. सल्ला रास्त आहे. या दिवसांत अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, वाढलेली पिशवी पायांकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरेवर भार टाकते आणि संध्याकाळपर्यंत घोटे दिसेनासे होतात. पाय उंच ठेवले की सूज उतरते. शंका एवढीच, की उंच ठेवायचे कशावर?

परवा बाळंतपणाला माहेरी म्हणून स्वारगेटहून चिपळूणच्या गाडीत बसले. एसटीत २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे दोन जीव अर्ध्या तिकिटात. पायाशी जागा होती, पण तिथे एका काकांची तांदळाची गोणी आधीच विराजमान झालेली. काका प्रेमळ. म्हणाले, “ताई, पाय लोंबकळत ठेवू नका, वर घ्या.” म्हटलं, “मग या गोणीवरच टेकवते.” काका दचकलेच. “अहो, अन्न आहे ते! पाय कसा लावता?”

तेव्हा अन्नाचा मान राखून मी पाय हवेत ठेवले. मागे नागपूरला जाताना गरोदर बायकांच्या कोट्यातून खालचा बर्थ मिळाला होता, तेव्हाही असेच एक हितचिंतक भेटले होते. त्यांच्या मते मी तरुण असल्याने वरच्या बर्थवर चढावं, म्हणजे पाय आपोआप वर राहतील.

दुसरा आपला आवडता सल्ला म्हणजे पाणी कमी पी. पाणी तोडून ही सूज उतरत नाही, आणि प्रवासात तर ते अंगाशी येऊ शकतं. गरोदरपणात रक्त गोठण्याची शक्यता एरवीच्या चार-पाच पट असते. त्यात तासन् तास एका जागी बसणं आणि कोरडा घसा. म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घोटभर पाणी पीत राहा, पायावर पाय टाकून बसू नका, बसल्या जागी घोटे फिरवा आणि गाडी थांबेल तिथे उतरून चाला. मी साताऱ्याला उतरून चार पावलं टाकली, तर खिडकीतून दोन माउली ओरडल्या, “अगं, अशा अवस्थेत कुठे हिंडतेस? बस ना!” पाणी प्यायल्यावर पुढे जे करावं लागतं, त्यासाठी स्वच्छ जागा कुठे मिळेल, हे मात्र सल्ला देणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. बायका प्रवासात तहान का मारतात, हे त्यांना विचारायची आपल्याला गरज पडत नाही, हे आपलं भाग्य.

आता जोडवी. बोटं सुजू लागताच मी ती काढून डबीत ठेवली, तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता. आत्याबाई, सूज चढल्यावर जोडवी निघत नाहीत. मग सोनार कातरीने कापतो, आणि त्या वेळी आपणच म्हणाल की आधीच का नाही काढलीस?

चपलांविषयी आपण विभागलेले आहात. निम्मे म्हणतात, उंच टाचा नकोत. कबूल. उरलेले म्हणतात, मग पार सपाट घाल. पण बाळंतपणासाठी सांधे सैल करणारी संप्रेरकं ओटीपोटाशीच थांबत नाहीत. तळपायाचे बंधही सैलावतात, कमान बसते, पाऊल पसरतं, आणि काहींचं नंतरही तेवढंच राहतं. त्याला खालून आधार हवा. म्हणून मी एक नंबर मोठे, पट्टा सैल करता येणारे बूट घेतले, तेही मुद्दाम संध्याकाळी, पाय पुरते सुजल्यावर. साडीवर बूट बघून ज्यांना हसू आलं, त्यांनी हसून घ्यावं. पुढे बारसं आहे, तिथेही पायात हेच बूट असतील.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. रात्री पोटरीत गोळा आला तर माझी बोटं नडगीकडे ओढा, हरकत नाही. पण एकच पाय, बहुतेकदा डावा, सुजून दुखू लागला, हाताला गरम लागला, तर तेलाची वाटी घेऊन धावू नका. तो चोळायचा नसतो, दाखवायचा असतो. तसंच तोंड आणि हात अचानक सुजले, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर “सगळ्यांनाच सुजतं गं” हे पेटंट वाक्य गिळून रिक्षा बोलवा. तो रक्तदाब वाढल्याचा इशारा असू शकतो.

बाकी कृपा आहेच. आमचे हे पायाची नखं कापून देतात. मला पोटापलीकडचं काही दिसत नाही. पण मी माहेरी आणि ते पुण्यात. तेव्हा ज्यांना माझ्या पायांची खरोखर काळजी आहे त्यांनी रविवारी सकाळी चिपळूणला यावं. चहा आम्ही देऊ, नेलकटर आपलं आपण आणावं. काकांनी गोणी आणू नये.

आपली नम्र,
सुजलेली सूनबाई